भाऊची गिटार आणि अक्काची हळद

गिटार मला वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी मला कार्यक्रमाला बोलवायचं. मला गिटारीचा रंग ओळखता येतो, एवढंच. परवा जळगावात, मेहरूणमधल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरची कॉलेजातली पोरगी जिन्यात गिटार घेऊन बसली होती. ऑनलाइन मागवलेली, स्वस्तातली, इलेक्ट्रिक, निळी. फोनवर मैत्रिणीला विचारत होती, की हिच्यावर नेमकं कुठलं फिनिश आहे ते ओळखायचं कसं, कारण पुसायला काय घ्यायचं ते त्याच्यावर ठरतं म्हणे. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मागचं झाकण खोल. झाकणाखाली जी जागा लपते ना, तिथं कापसानं स्पिरिट लावून बघ. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. नाही झालं तर थिनर लाव. त्यानं चिकटलं तर ड्युको, म्हणजे ट्रक-मोटारींना मारतात तो रंग. आणि थिनरनंही काही झालं नाही तर निवांत राहा. हल्लीचा कडक रंग असणार, तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल." पोरगी बघतच राहिली. "आजी, तुम्ही गिटार वाजवायच्या?" म्हटलं, "नाही गं बाई. मी नुसती सांभाळायची." मग वर येऊन चहा टाकला आणि तो सगळा उतू गेला, कारण माझं लक्ष चहात नव्हतंच.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि भाऊ, म्हणजे माझा थोरला आणि एकुलता एक भाऊ, कॉलेज अर्धवट टाकून धुळ्याला एका ऑर्केस्ट्रात वाजवत होता. शिंदखेड्याच्या घरात आबा आणि मी, दोघंच. आबा, आमचे वडील, मुळातच कमी बोलणारे. आई होती तेव्हा ती त्यांच्या वाटचंही बोलायची. ती गेल्यावर घरात भाकरी थापल्याचा आवाज यायचा तोही माझाच, आणि तोही बेताचा, कारण मला धड थापता येत नव्हत्या. ताटात वाकडीतिकडी भाकरी आली तरी आबा काही म्हणायचे नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. मॅट्रिक झाल्यावर एक दिवस त्यांनी माझी ट्रंक दारात आणून ठेवली आणि म्हणाले, "नानाकडे जाय. तठे कॉलेज शे." झालं. एवढ्या दोन वाक्यांत माझं गाव सुटलं.

नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. जळगावात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि मेहरूणात दोन खोल्यांत राहायचे. त्यांच्या शर्टाला, रुमालाला, अगदी जेवणाच्या डब्यालाही स्पिरिटचा वास यायचा. त्यांची बायको अक्का. मूलबाळ नव्हतं. अक्काला देवाचं आणि स्वच्छतेचं, दोन्हींचं वेड. तिच्या घरात तांब्याला बोट लागलं तर ती बोट पुसायची का तांब्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माणूस मात्र लाख. हिवाळा लागला की वांगी भाजून, लाकडाच्या बडगीत कांदापात न् हिरवी मिरची ठेचून असं भरीत करायची, की शेजारच्या घरातून ताटली यायचीच. मला पोटभर खाऊ घालायची आणि वर म्हणायची, "खाय वं, तुनी माय वरथून देखस, मले बोल लागी." ती प्रेमानंच म्हणायची, पण वरून बघणारी आई आठवून माझा घास ताटातच राहायचा.

कॉलेजात तर वेगळीच गंमत. पहिल्याच दिवशी मी एका मुलीला "हाई जागा कोनी शे?" असं विचारलं आणि अख्खा बाक हसला. आज मी त्यांना सुनावलं असतं चार शब्द, पण तेव्हा सोळाव्या वर्षी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. शुद्ध बोलता येत नाही आणि आपलं बोलावं तर हसतात, म्हणून मी बोलणंच बंद केलं. दुपारी घरी यावं तर अक्का झोपलेली. नाना दवाखान्यात. गल्लीत एखादी केळी भरलेली गाडी खडखडत जायची, लांबून रेल्वेची शिटी यायची, आणि मग पुन्हा सगळं गप्प. एकटं वाटणं म्हणजे काय, हे मला तिथं त्या दुपारींनी शिकवलं. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ती.

अशात एका दुपारी भाऊ आला. खांद्याला गोणपाटाची पिशवी, आणि पिशवीत त्याची गिटार. ऑर्केस्ट्रा मोडला होता, सुरतेला कापड रंगवायच्या मिलमध्ये काम मिळालं होतं आणि संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं. म्हणाला, "तठे खोलीमा पाय पसरायले जागा नही. हाई तुनाजोडे ऱ्हाऊ दे, बेबी. सांभायशी ना?" मी मान हलवली. गिटार पांढरी होती, दुधावरच्या सायीसारखी जराशी पिवळट. भाऊनं ती धुळ्यात एका म्हाताऱ्या वाजवणाऱ्याकडून जुनी, स्वस्तात घेतली होती आणि आग्रा रोडवर ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून पांढरी करून घेतली होती. "फॉरेननी वाटस का नही?" हे तो भेटेल त्याला विचारायचा. फॉरेनची गिटार कोणी पाहिली होती इथं? सगळे हो म्हणायचे.

भाऊ गेला आणि मी गिटार माझ्या अंथरुणाच्या कडेला भिंतीशी उभी केली. त्या क्षणी मनाशी एक गोष्ट पक्की झाली. ही माझ्याकडे आहे तोवर भाऊला यावंच लागेल. आबांना भेटायला तो येईल न येईल, माझ्यासाठी येईल न येईल, पण गिटारीसाठी येणार. माणूस आपली गिटार टाकून देतो का? इतका साधा हिशोब होता तो माझा, आणि त्याच्यावर मी ते अख्खं वर्ष काढलं.

इलेक्ट्रिक गिटारीला आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी जोडली नाही तर तिचा आवाज येत नाही, हे ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. पेटी ऑर्केस्ट्राची होती, ती गेली. तार छेडली तर भांड्याच्या काठावर नख मारल्यासारखं बारीक काहीतरी ऐकू यायचं, तेही जवळ बसलेल्यालाच. पण एक दिवस सहज मी तिच्या वरच्या काठावर हनुवटी टेकली आणि जाडी तार ओढली, तर आवाज दातांतून, गालफडांतून थेट डोक्यात घुमला. केवढा मोठा! घरात अक्का घोरतेय, तिला पत्ता नाही, आणि माझ्या डोक्यात सगळा ऑर्केस्ट्रा. मग रोज दुपारचा तोच उद्योग. सूर बीर काही नाही, एक तार ओढायची आणि ती विझेपर्यंत डोळे मिटून बसायचं. भाऊ धुळ्यात स्टेजवर वाजवायचा तेव्हा आई पहिल्या रांगेत बसून कानात बोटं घालायची, तेही आठवायचं. मी हसायचे, मग थोडं रडायचे, मग अक्का उठायची आणि चहा व्हायचा.

आता खंडेनवमीचं. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडतात. विळा, कुऱ्हाड, अडकित्ता, शिवणाचं मशीन, ज्याच्यावर घरातल्या माणसाचं पोट चालतं ते सगळं. त्याला ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढायची, फूल वाहायचं, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ती उतरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. नाना आपली सुई-सिरिंजची स्टीलची डबी ठेवायचे. मी कॉलेजातून आले तर डबीच्या शेजारी भाऊची गिटार आडवी, आणि तिच्या पांढऱ्या पोटावर हळदीची पाच ओली, जाड, लांबच लांब बोटं.

"अक्का!" मी किंचाळलेच.

"काय व्हयनं?" अक्का पदराला हात पुसत आली. "हाई बी भाऊनं हत्यारच शे ना वं? त्याना पोटपानीनं. मंग पूजामा कशी नही ठेवानी? त्यानं चांगलं व्हवाले नको का?"

भाऊचं चांगलं व्हावं म्हणूनच तर तिनं केलं होतं, सगळ्यांत जास्त हळद त्यालाच लावली होती. मी फडकं घेऊन पुढं झाले तर तिनं माझं मनगट धरलं. पूजा उतरल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणजे नाही. अपशकुन होतो आणि तो ज्याचं हत्यार त्याला लागतो, म्हणाली. आता भाऊला काही लागावं असं मला वाटेल का? मी फडकं खाली ठेवलं. तो पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी त्या पाटासमोर येरझाऱ्या घालत होते आणि हळद वाळताना बघत होते. दसऱ्याला पुरणाचे मांडे होते. ते कसे लागले ते मला आठवत नाही.

पूजा उतरली आणि मी हळद खरवडली तर खाली पाचही बोटं जशीच्या तशी. पिवळीधमक. रंग आत शिरला होता. माझं तोंड पाहून अक्कालाही कसंतरी झालं, आणि मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात तिनं काय करावं? कपड्याच्या साबणाचं पाणी करून चांगलं खसाखसा घासलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे तिला काय माहीत नव्हतं? लग्नाच्या हळदीचे कपडे जन्मभर धूत आलेली बाई ती. पण घाबरलेल्या माणसाला आठवतं कुठं! मी बाहेर आले तर बोटं लालभडक, रक्ताच्या हातासारखी, आणि अक्का कपाळाला हात लावून बसलेली. "माय वं, हाई काय व्हयी गयं!" ती रडायलाच लागली. मग मला रडता येईना, कारण दोघींनी एकदम रडून कसं चालेल?

संध्याकाळी नाना आले. येताना निरोपही घेऊन आले. दवाखान्याच्या फोनवर भाऊचा फोन आला होता, भाऊबीजेला येतोय. "गिटार नीट शे ना, इचारत होता," नाना म्हणाले आणि मग त्यांची नजर गिटारीवर गेली. म्हणजे माझं खरंच होतं, त्याचा जीव गिटारीत होता. त्यानं ही अशी पाहिली तर? रागावून घेऊन गेला, "तुले एक चीज सांभायता नही उनी" म्हणाला, तर मग तो परत कशाला येईल?

मी नानांची स्पिरिटची बाटली उचलली. हळद स्पिरिटनं निघते, हे रसायनशास्त्राच्या तासाला कळलं होतं. नानांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "थांब. औषध देवाना पहिले रोग काय शे ते पाहतस." त्यांनी पलंगाच्या पायाकडे बोट दाखवलं. त्याला लाखेचं पॉलिश होतं. ती लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, तेव्हा गिटारीवर जर तसलंच पॉलिश असेल तर डागाबरोबर सगळी गिटार कापसावर येईल. "रंग कसाना शे, ते आधी ठराव."

आणि ते ठरवणार कोण? पलंगाला पॉलिश करणारा सुतार म्हणाला लाख. त्याचा भाऊ म्हणाला, छे, ऑइलपेंट. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पोरी, अभ्यास कर. शेवटी एका सकाळी नानांनीच मला धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं. मांडीवर गोणपाटात गिटार घेऊन मी पारोळ्यामार्गे धुळ्याला गेले, आणि आग्रा रोडवर विचारत विचारत त्या पेंटरच्या शेडपाशी पोचले. एका ट्रकच्या मागच्या फळीवर तो मोर काढत होता.

"ही मी रंगवली?" तो गिटार उलटीसुलटी करत म्हणाला. "असेल ताई. ड्युको मारला असेल, ट्रकचाच. नाहीतर त्या वेळी दुसरा माणूस होता माझ्याकडे, त्यानं काय मारलं देव जाणे." मग त्यानंच लपलेल्या जागी आधी स्पिरिट आणि मग थिनर लावून बघायला सांगितलं आणि एका छोट्या बाटलीत थिनर ओतून दिलं. मी निघाले तर मोराच्या पिसाऱ्यात ब्रश फिरवत तो सहज म्हणाला, "म्हणजे विकली गेली नाही होय ही? तुझा भाऊ जाताना सांगून गेला होता, गिऱ्हाईक असेल तर बघ म्हणून. सगळ्यांना विचारून झालं त्याचं."

"नाही," मी म्हटलं. "ती दुसरी गिटार असेल."

"असेल," पेंटर म्हणाला. त्याला काय पडलं होतं!

दुसरी गिटार. भाऊकडे कुठली दुसरी गिटार? पण बसमध्ये मी स्वतःला ते इतक्या वेळा सांगितलं, की जळगाव येईपर्यंत ती दुसरी गिटार मला दिसायलाही लागली, लाल रंगाची.

दुसऱ्या दिवशी नाना दवाखान्यातून लवकर आले. त्यांच्या छोट्या पेचकसानं गिटारीच्या मागचं झाकण आम्ही उघडलं. झाकणाखालच्या कडेवर रंग होता तो लख्ख पांढरा, नुकत्या काढलेल्या दुधासारखा. मी बघतच राहिले. म्हणजे साय नव्हतीच, गिटार मुळात अशी पांढरी होती आणि उजेडात राहून राहून पिवळी पडत गेली होती, थोडी धुळ्यात आणि थोडी माझ्या अंथरुणापाशी. नानांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्या कडेवर टेकवला. आम्ही दोघं श्वास रोखून. अक्का देवापुढं. बोळा उचलला, बोट लावलं. कोरडं, कडक. काही झालं नव्हतं. मग शेजारीच थिनर. बोट लावलं तर ठसा उमटला. "ड्युको!" नाना असे ओरडले, जसं काही त्यांच्या पेशंटचा ताप उतरला होता.

म्हणजे स्पिरिट चालणार होतं. पुढचे दिवस मी कॉलेजातून आले की कापूस घेऊन बसायची. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं न् उचलायचं. लाल बोटं आधी पुन्हा पिवळी झाली, मग फिकी होत गेली, कापूस पिवळा व्हायला लागला. उरलेलं उन्हानं केलं. हळद उन्हाला टिकत नाही, म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणात बाजेवर गिटार ठेवायची आणि कावळे हाकलत शेजारी बसायचं. अक्का फराळाचं करत होती, शेव तळल्याचा वास यायचा, आणि ती मधूनच बाहेर येऊन म्हणायची, "आते दिसत नही वं. भाऊ काय तुले खाई जाई का?" खरंच दिसत नव्हतं. तिरप्या उजेडात धरलं तर अगदी हलकीशी सावली होती, ती मलाच माहीत. त्या दिवसांत मी सुखात होते. खोटं कशाला सांगू?

भाऊबीजेला भाऊ सकाळच्या गाडीनं आला. अंगानं भरला होता, नवा शर्ट, हाताच्या रेषांमध्ये मिलचा निळा रंग. सुरतेच्या मिठाईचा डबा आणला होता. जेवताना सांगत होता, कामावर कायम झालो, स्वतंत्र खोली घेतली, गॅस घेतला, खोलीत जागा भरपूर आहे. मी वाट बघत होते, की आता गिटारीचं काढेल. जागा नाही म्हणूनच तर ठेवली होती ना? तो शेवभाजीचा रस्सा भाकरीवर ओतून घेत होता आणि माझं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. डाव्या हाताची नखं तो कायम मुळापासून कापायचा, तारा दाबता याव्यात म्हणून. आईचं त्यावरून रोज भांडण, बोटातनं रक्त काढशील म्हणून. ती नखं आता वाढली होती. चांगली, नीट, सगळ्यांसारखी.

तरी मी गिटार आणली. पुसून, चमकवून, त्याच्या पाटाशेजारी ठेवली. त्यानं एक तार छेडली, "अजून शे का हाई!" म्हणाला, आणि हसला. हळद शोधली नाही. रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. बिचारी अक्का दाराआड श्वास धरून उभी होती, तिनं तो मोठ्यानं सोडला.

मग मी त्याला ओवाळलं. कुंकू लावलं, सुपारी न् दिवा फिरवला. भाऊनं खिशात हात घातला, मग काढला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी छान सुचल्यासारखं आलं. त्यानं शेजारची गिटार उचलली आणि माझ्या ताटावर अलगद टेकवली. "हाई तुलेच दिधी, बेबी. मनं वाजाडनं आते सुटनं. तू इतली सांभायी, तुनीच शे ती."

मी म्हटलं, "नको. तुनी शे ती. तू ले जाय."

"येडी का तू?" अक्का पुढं झाली, आनंदानं तिचे डोळे भरले होते. "ओवायनी शे ती! भाऊनी बहीणले दिधी. ओवायनी कोनी परत करस का?"

नाही करत. आमच्याकडे भावानं ताटात घातलेलं परत देत नाहीत, भावाचं वाईट होतं. मी नमस्कार केला आणि घेतली. नाना तेवढे माझ्याकडे बघत होते. मला ती माझी नको होती. मला ती त्याची हवी होती, आणि ते त्या घरात कोणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं. आजही कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, बाई, भावानं एवढं दिलं आणि तू रडतेस?

दुपारच्या पॅसेंजरनं तो परत निघाला. मी स्टेशनवर सोडायला गेले. गाडी शिंदखेड्यावरूनच जाते, तर आबांकडे उतरशील का विचारलं. म्हणाला, बघू, सकाळी ड्युटी आहे. खिडकीत जागा मिळाली, फराळाचा डबा मांडीवर ठेवला, आणि मला म्हणाला, अभ्यास कर, अक्काला त्रास देऊ नको. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालायला लागले, मग पळायला, आणि प्लॅटफॉर्म संपत आला तेव्हा त्या सगळ्या लोकांत, हसतील तर हसू देत म्हणून, मी आमच्या बोलीत जीव खाऊन ओरडले, "भाऊ! तुनी गिटार ऱ्हायनी! तुनी गिटार!" त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खूप हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय.